ठेवा, बघते

शनिवार, ७ मार्च १९९८. जळगाव

लग्नानंतर डायरी सुटली ती सुटलीच. आज पुन्हा धरली, कारण मी कॉलेजात नक्की काय करते हे सुकदेवांना समजावताना माझं मलाच समजेना.

तर, 'हाक' नावाचा एक प्रोग्राम आहे. रक्तपेढीच्या संगणकात बसवला की तो हव्या त्या गटाच्या दात्यांची यादी काढून देतो. मग पेढीवाले यादीतल्या पहिल्या नावापासून फोन करत सुटतात. पुण्याचे दामले आणि त्यांचे मित्र नोकरी सांभाळून तो लिहितात आणि फुकट देतात. नुसता प्रोग्राम नाही, आतलं लिखाणसुद्धा सगळ्यांना उघडं. घ्या, वाचा, सुधारा आणि काय सुधारलंत ते आम्हाला कळवा, असं त्यांचं म्हणणं. पण खानदेशातल्या प्रत्येकानं पुण्याला फोन जोडून ते उतरवून घ्यायचं म्हणजे लाइनीचे नखरे आले. म्हणून त्याची एक नक्कल आमच्या कॉलेजच्या संगणकावर ठेवली आहे. तिला म्हणतात आरसा. दर एक तारखेला पहाटे मी मोडेम लावते, जुनं सगळं पुसलं जातं, पुण्याचं नवं येतं. मग चोपडा, शिरपूर, भुसावळहून लोक फ्लॉप्या घेऊन माझ्याकडे.

"म्हणजे तू आरसा पुसतेस," सुकदेव म्हणाले.

रेल्वेच्या सिग्नल खात्यातल्या माणसाकडून आणखी काय ऐकायचं! चहा न देता उठले. नंतर दिला.

सोमवार, १६ मार्च

धुळ्याहून भाईदासराव आले. त्यांचा तिथं कॉम्प्युटर क्लास आहे. 'हाक'मध्ये त्यांनी सुधारणा केली म्हणे. सुधारणा अशी, की प्रोग्राम सुरू झाला की पडद्यावर केळीच्या पानाचा हिरवा रंग येतो आणि मध्ये त्यांच्या क्लासचं नाव लुकलुकतं. मागं कुठलीशी धूनही वाजते. रक्तासाठी धावत आलेल्या माणसाला बँड ऐकवायचा!

खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं की भाऊ, ही नक्कल आहे, बदल इथं द्यायचे नसतात, पुण्याला पाठवा. दामल्यांच्या सूचनांत पहिलीच ओळ ती आहे. पण माणूस उन्हातून एसटीनं आलेला, हातात फ्लॉपी, वर शेवेचा पुडा. मी म्हटलं, "ठेवा, बघते."

अशा फ्लॉप्यांचं आता बुटाचं खोकं भरत आलंय. बघते म्हणते आणि बघत नाही. पण नाही म्हणवतही नाही. गावकुसाबाहेरच्या बाबांच्या दारात गावातल्या कुणी आपण होऊन काही आणून दिल्याचं मला आठवत नाही. आणायचे ते उंबऱ्याबाहेर ठेवायचे. आता लोक आत येतात, खुर्चीत बसतात, "ताई, तुमचं 'हाक' भारी आहे" म्हणतात. माझं नाहीये ते. पण दरवेळी कशाला दुरुस्त करा?

शुक्रवार, २७ मार्च

आज पहिल्यांदा खोक्यात न टाकण्यासारखं काही आलं.

चुडामण पाटील, चोपड्याजवळच्या खेड्यातला. इथंच शिकून गेला, माझा विद्यार्थी नव्हे, पण मला ताई म्हणतो. चोपड्याच्या रक्तपेढीत 'हाक' तोच बसवून देतो, दर महिन्याला नवी प्रतही तोच नेतो. पुण्याची यादी नोंदणीच्या क्रमानं निघते. जो आधी नाव देईल तो वर. चुडामणनं ती अशी फिरवली, की पेशंटच्या सगळ्यात जवळ राहणारा दाता सगळ्यात वर. बास, एवढंच. पण एवढं कुणाला सुचलं नव्हतं.

मी म्हटलं, हे कसं सुचलं रे? तो म्हणाला, "ताई, वडील गेले तेव्हा पहिला फोन रावेरला केला होता. दुसरा यावलला. आणि त्यांच्याच गटाचा माणूस आमच्या गल्लीत बसलेला, यादीत पार खाली." सांगताना हसला. त्याला हसावं लागलं असावं.

संध्याकाळपर्यंत चालवून पाहिलं. निर्दोष. "पुण्याला मीच पाठवू का?" त्यानं विचारलं. "इंग्रजीत लिहावं लागेल ना?"

मी म्हटलं, "ठेव, बघते." या वेळी खरंच बघणार आहे.

बुधवार, १ एप्रिल

पहाटे पुण्याचं उतरवलं आणि त्यावर चुडामणची यादीची फाइल ठेवली. आत त्याचं नावही लिहिलं. आरशात आपण काही घालायचं नसतं हे मला ठाऊक आहे. पण दामल्यांना लिहायचं, ते वाचणार, मग शंका काढणार, मग कधी तरी घेणार. तोवर चोपड्याच्या माणसानं रावेरला फोन करत बसायचं का? चांगल्या कामाला मुहूर्त कशाला?

पुढच्या महिन्यात पुण्याचं आलं की हे पुसलं जाईल. मग पुन्हा ठेवीन. काय मोठं काम आहे!

सुकदेवांना सांगितलं तर म्हणाले, "आमच्याकडे सिग्नलला हात लावायचा तर आधी स्टेशन मास्तरला कळवतात. मग हात."

यांची गाडी कधी रुळावरून खाली उतरत नाही.

रविवार, १९ एप्रिल

चुडामणच्या घरी जेवायला गेलो होतो. खापरावरचे मांडे, आमरस. त्याच्या आई रुक्माबाई मांडा हातावर असा फिरवतात की बघत राहावं. मी स्वयंपाकघराबाहेर घुटमळत होते. त्याच म्हणाल्या, "आठे बठा ना ताई, चूलपाशी. तठे काय पाहुना शेतस का तुम्ही?" आणि मला चुलीशी पाट दिला. सुकदेवांनी माझ्याकडे पाहिलं. मी मांड्याकडे पाहिलं.

चुडामणचा धाकटा भाऊ निंबा शेती बघतो. लाजरा आहे. त्याचं लग्न ठरलंय, मुलगी शिरपूरची, २१ जूनला. रुक्माबाईंनी बजावलं की यायचंच, आणि आदल्या दिवशी यायचं.

पेढीवाले चुडामणच्या यादीवर खूष आहेत. परतताना तापीच्या पुलावर सुकदेव म्हणाले, पुण्याला कळवलंस का? म्हटलं, परीक्षा संपू देत.

शुक्रवार, १ मे

पुण्याहून यावेळी मोठी नवी आवृत्ती. मोडेमनं दोनदा दगा दिला. आठ वाजता झेंडावंदन, प्राचार्यांचा आग्रह की सगळ्यांनी हजर राहावं. दामल्यांची भली लांब टीप आली आहे, ती छापून खणात टाकली. नंतर वाचीन. दामले लिहायला बसले की हरिदासाची कथा होते.

नोंदणीच्या पडद्यावर दात्याच्या नावापुढं खूण करायची नवी जागा दिसते आहे. काहीतरी केलंय त्यांनी. चुडामणची फाइल नेहमीप्रमाणे वर ठेवली. चालली. पळाले.

मंगळवार, ९ जून

वाईट झालं. नीट लिहिते.

शनिवारी चोपड्याला एक बाळंतीण अडली. रक्त हवं होतं. पेढीनं 'हाक'मधून यादी काढली. पहिलंच नाव निंबाचं, कारण दोन कोसांवर राहणारा तोच. गावातल्या फोनवर निरोप गेला, बाईचा नवरा मोटरसायकल घेऊन दारात. निंबा गेला. गावातली चार माणसंही कौतुकानं मागून गेली. आणि पेढीतल्या कारकुनानं त्याचं कार्ड बघून सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं, "तुमचं रक्त चालत नाही, तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं ना?"

जानेवारीच्या शिबिरात त्यानं रक्त दिलं तेव्हा तपासणीत काविळीचे जंतू निघाले होते. तब्येतीला तूर्त काही नाही, फक्त रक्त द्यायचं नाही. डॉक्टरांनी त्याला एकट्याला बोलावून सांगितलं होतं. त्यानं ते पोटात ठेवलं. पण रक्त चालत नाही म्हटल्यावर गावाला कावीळ कुठली आठवायला? गावाला एकच रोग आठवतो, एड्स. सोमवारी शिरपूरहून निरोप आला, लग्न मोडलं.

बाळंतीण वाचली, एका मास्तरांचं रक्त मिळालं. हे चुडामणनं फोनवर मला दोनदा सांगितलं. मीच दोनदा विचारलं.

गुरुवार, ११ जून

चुडामण आला. दाढी वाढलेली. बसला नाही.

"ताई, माझा बदल काढून टाका."

मी म्हटलं, तुझा बदल बरोबर आहे. तो म्हणाला, "जवळचा वर आणला मीच ना? जुन्या यादीत निंबा खाली राहिला असता, त्याच्यापर्यंत फोन आलाच नसता. मी वडलांसाठी केलं आणि भावाला लागलं."

निंबा घर सोडून शेतात मामांच्या खोपीवर राहायला गेलाय. रुक्माबाई चुडामणशी बोलत नाहीत. त्याच्या हातचं पाणी घेत नाहीत. आईला संगणकातलं काय कळतं, पण एवढं कळलं की ते यंत्र याचं आणि नाव वर आणणारा हाच.

मी त्याला खूप समजावलं. तुझा दोष नाही, पेढीचा आहे, कारकुनाचा आहे, गावाचा आहे. हे सगळं खरंच आहे. तरी काहीतरी खटकत राहिलं. पेढीवाले अशा दात्यांची नावं आजवर लक्षात ठेवून गाळत होते. या वेळी का नाही गाळलं?

शुक्रवार, १२ जून

खणातून दामल्यांची टीप काढली.

पहिल्याच पानावर आहे. ज्यांचं रक्त कायमचं घ्यायचं नाही त्यांच्या नावापुढं खूण करा, प्रोग्राम त्यांना यादीत कधीच घेणार नाही, म्हणजे कुणाला चारचौघांत परत पाठवायची वेळ येणार नाही. त्यासाठी यादीची फाइल बदलली आहे. कृपया हीच नवी फाइल वापरावी.

आणि मी त्या नव्या फाइलवर चुडामणची मार्चमधली जुनी फाइल ठेवली. मेमध्ये ठेवली, एक जूनला पुन्हा ठेवली. पेढीवाल्यांनी निंबाच्या नावापुढं इमानानं खूण केली आणि निर्धास्त झाले. यादी ती खूण बघतच नव्हती.

चुडामणनं मला दिलं ते मार्चच्या प्रोग्रामसाठी दिलं होतं. त्यासाठी ते चोख होतं. मेच्या प्रोग्रामवर ते कुणी ठेवलं? त्यानं नाही. त्याला तर वाटत होतं की मी पुण्याशी बोलले आहे.

आधी फोन केले. चोपडा, शिरपूर, भुसावळ, धुळे, सगळीकडे सांगितलं की माझ्याकडून नेलेली यादी वापरू नका, थांबवलेले दाते हातानं गाळा, मी चांगली प्रत पाठवते. शिरपूरच्या पेढीतल्या बाईंनी विचारलं, "काय बिघडलंय?" मी म्हटलं, "दुरुस्ती चालू आहे."

आरशातून चुडामणची फाइल काढली. त्याच्या नावासकट. आता तिथं फक्त पुण्याचं आहे, जसं असायला हवं होतं तसं. कुणीही येऊन बघितलं तरी काही दिसणार नाही.

रविवार, १४ जून

कुणालाही काही दिसणार नाही, हेच डोक्यात घोळतंय.

बदल काढ असं चुडामणनं स्वतःच सांगितलं होतं. मी काढला. त्याला वाटेल ताईनं माझं ऐकलं. एक जुलैला तर सगळंच पुसलं जाईल. आणि सांगून निंबाचं लग्न थोडंच जुळणार आहे? शिरपूरवाल्यांना डॉक्टरांनी स्वतः कळवलं, तरी त्यांनी ऐकलं नाही. मग सांगून कुणाचं भलं?

कॉलेजात कळलं तर संगणकाची किल्ली काढून घेतील. आणि दबकत का होईना, म्हणतील, आम्हाला वाटलंच होतं. त्या 'वाटलंच होतं'ला मी शाळेपासून भिते. एकही चूक करायची नाही, हे बाबांनी मला पाढ्यांबरोबर शिकवलं होतं.

मंगळवार, १६ जून

चुडामणचा फोन. चोपड्याचं काम सोडतोय, सुरतेला मित्राकडे जाणार. "आईसमोर राहून काय करू?" म्हणाला. मी म्हटलं, घाई करू नकोस. फोन ठेवल्यावर स्वतःची चीड आली. घाई करू नकोस म्हणे!

बुधवार, १७ जून

सुकदेवांना सांगितलं. सगळं. वाटलं, आता स्टेशन मास्तर येणार. नाही आला. म्हणाले, "एकदा माझ्या मदतनिसावर चौकशी लागली होती. तार मी जोडली होती. तो काही बोलला नाही, मी बोललो." मग विचारलं, "रविवारी तुला एकटीला जायचंय की मी येऊ?"

मी रविवारी जाते असं म्हटलंच नव्हतं.

रविवार, २१ जून

एकटी गेले. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, आज निंबाच्या लग्नाची तारीख.

ओटा सारवलेला होता, पण मांडव नव्हता. रुक्माबाई डाळ निवडत होत्या. चुडामणची बॅग दाराशी भरून ठेवलेली. मी म्हटलं, निंबालाही बोलवा. शेतातून तो येईपर्यंत थांबले.

मग सांगितलं. पुण्याची नवी फाइल, चुडामणची जुनी, न वाचलेली टीप. रुक्माबाईंना फाइल कशी समजावायची? म्हटलं, "वडील गेल्यावर चुडामणनं चांगलं बियाणं काढलं आणि माझ्याकडे ठेवायला दिलं. पुण्याहून नवी पेरणी झाली होती. त्या उभ्या पिकावर मी ते जुनं बियाणं न विचारता टाकलं. बियाणं वाईट नव्हतं. हात माझा होता."

चुडामणनं मान वर केली. "ताई, तुम्ही पुण्याला कळवलंच नव्हतं?"

"नाही."

"मी विचारलं होतं, मीच पाठवू का."

"हो. मी म्हटलं, ठेव, बघते."

त्याच्या चेहऱ्यावर राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तो आला हे चांगलंच झालं, पण माझ्याच्यानं बघवेना. तो उठून अंगणात गेला.

निंबा खांबाला टेकून उभा होता. म्हणाला, "मॅडम, मले ठाऊक व्हतं मन्हं रगत चालाव नही. पन मोटरसायकल दारमा उभी, बाईना नवरा रडी राहिंता, बठ्ठा गाव देखी राहिंता. नही कसं म्हनू?"

मला तर रडणारा नवरासुद्धा लागत नाही, शेवेचा पुडा पुरतो.

रुक्माबाईंनी ताटातली डाळ बाजूला सारली. अंगणाकडे तोंड करून म्हणाल्या, "चुडामण, पानी लई ये रे."

त्यानं तांब्या आणला. त्यांनी त्याच्या हातून घेतला आणि सगळा प्याल्या. मी तिथं बसून रडले. कुणी समजूत काढली नाही, आणि काढायलाही नको होती.

बुधवार, १ जुलै

पहाटे पुण्याचं उतरवलं. त्यावर काहीही ठेवलं नाही.

दामल्यांना आठवड्यापूर्वी सगळं लिहिलं होतं. त्यांचं उत्तर कोरडं आणि नीट आहे. ज्यांनी ज्यांनी जळगावची प्रत नेली त्या सगळ्या पेढ्यांना मी कारणासकट लेखी कळवायचं. कळवलं. शिरपूरच्या बाईंनाही, 'दुरुस्ती' म्हणजे काय होतं ते. प्राचार्यांनी बोलावलं, ऐकून घेतलं, किल्लीबद्दल पुढच्या सभेत ठरेल म्हणाले. 'वाटलंच होतं' कुणी तोंडावर म्हटलं नाही. मागं म्हटलं असेल.

चुडामण सुरतेला गेला नाही. त्यानं आपला बदल नव्या प्रोग्रामवर नव्यानं लिहून स्वतःच दामल्यांना पाठवलाय, मोडक्या इंग्रजीत. मला दाखवला नाही. दामल्यांच्या पत्रातून कळलं.

दुपारी भाईदासराव आले. हिरव्या रंगाचा आता निळा केलाय. मी उभी राहिले, हात मागं बांधले आणि म्हटलं, "भाऊ, ही नक्कल आहे. इथं मी काही घेऊ शकत नाही. पुण्याचा पत्ता देते." त्यांचं तोंड उतरलं. चहा न घेता गेले. पुडाही परत नेला. फार वाईट वाटलं, पण वाटलं तेवढंच.

त्या रविवारचं एक लिहायचं टाळलं होतं. निघताना रुक्माबाई आत गेल्या आणि एक साडी घेऊन आल्या. मोरपंखी, कागदाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. म्हणाल्या, "लगीनमा तुम्हले नेसाडनी व्हती. तुम्हनाच नावनी लयेल शे. दुसरीले कशी देऊ?"

आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. बाजारातून आणलेली वस्तू ज्याची त्याला पोचवावी, तसं. सगळ्या आयुष्यात एकदा नाही म्हणायचं होतं तर ते तिथं. हात पुढं केले आणि घेतली.

आज सुकदेवांना कपाटात दिसली. "ही कधी नेसणार?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, निंबाच्या लग्नात.